नावे

ग्रिम्सबीत नोव्हेंबरला साडेतीनलाच दिवे लागतात.
मेथडिस्ट चर्चच्या मागच्या खोलीत
हीटरच्या दोन कांड्यांपैकी एकच पेटते,
तिच्याभोवती आमची कमिटी:
विनिफ्रेड अध्यक्ष, मी खजिनदार,
आणि झहीर, टॅक्सीच्या दोन फेऱ्यांमध्ये येऊन बसणारा.

काम एवढंच:
डायलिसिसच्या माणसांना आठवड्यातून तीनदा
दारातून उचलायचं, दारात सोडायचं. फुकट.
एकोणीस माणसं, सहा गाड्या,
शिल्लक दोनशे बारा पौंड.

मंगळवारी मिसेस ओल्डरॉइडच्या मुलीचा फोन.
तुमच्या नावावर टिचकी मारली
तर जुगाराचं पान उघडतंय,
चेरी फिरतात, घंटा वाजतात.

नाव गेलं होतं.
मुदत संपली, कोणी भरले नाहीत,
आणि कुठल्याशा टपून बसलेल्यानं उचललं.
परत हवं तर अठराशे पौंड.
अठराशेत किती फेऱ्या होतात
ते झहीरनं तोंडी सांगितलं,
मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसला.

नवं शोधायला लागलो.
पहिल्या वर्षी नव्व्याण्णव पेनी!
सांगलीच्या बँकेत एकोणीस वर्षं काढलीत मी,
नव्व्याण्णव दिसले की आधी खालची बारीक अक्षरं वाचते:
दुसऱ्या वर्षापासून अठरा पौंड, व्हॅट वेगळा.
कुलपाचे निराळे. टपालपेटीचे माणशी.
'अमर्याद जागा', शेजारी चांदणीची खूण,
आणि चांदणीखाली मर्यादा, सविस्तर.
आमचं सामान ते केवढं?
एक वेळापत्रक, दोन फोन नंबर,
वारा खात उभ्या चौघांचा एक फोटो.
त्याला राजवाडाच घ्या म्हणून मागे लागलेत.

धर्मादाय संस्थेला सवलत आहे म्हणे,
नोंदणी क्रमांक द्या.
आमची नोंदणी नाही, तेवढी आमची कमाईच नाही.
सवलतीसाठी आधी श्रीमंत व्हावं लागतं,
हे मी इतिवृत्तात लिहिलं नाही.

विनिफ्रेड म्हणाली, इतकी वर्षं भरत कोण होतं मग?
मी अकरा वर्षांच्या वह्या उघडल्या.
चहाची पावती आहे, बल्बची आहे,
एका पुष्पचक्राची आहे,
मार्चमधली, केनेथची.
नावाच्या भाड्याची एकही नाही.

ग्लेनिस पिशवी घेऊन आली.
नवऱ्याची बँकेची पत्रकं, रबरबँड लावलेली.
दर सप्टेंबरला बावीस पौंड चाळीस.
मला वाटायचं गळ टाकण्याचं मासिक असेल, म्हणाली.
आणि स्मरणपत्रं?
ती येत राहिली,
तीस दिवस उरले, सात उरले, आज शेवटचा,
गेलेल्या माणसाच्या टपालपेटीत,
न चुकता, प्रिय केनेथ म्हणून.

त्याच्याच नावानं काही घ्यावं म्हणून पाहिलं.
डॉनकास्टरच्या एका भंगारवाल्याकडे आहे ते.
शेवटी मिळालं ते लांबलचक, मध्ये दोन आडव्या रेघा,
फोनवर सांगताना धाप लागते.
जागा क्लीथॉर्प्सच्या कबुतर-शर्यत क्लबानं दिली,
त्यांच्याच कोपऱ्यात, महिना दोन पौंड.
पक्ष्यांच्या वेळांखाली आमच्या गाड्यांच्या वेळा.
तक्रार नाही.

आता स्मरणपत्रं तिघांना येतील,
शिवाय भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी शाईनं लिहिलंय.

आमच्या बँकेत खर्चाच्या बाजूला 'नावे' म्हणत.
वीस वर्षं लिहिला तो शब्द, ऐकला आज.
नावे: नऊ पौंड साठ.
मग पान उलटून जमेला, उशिरा का होईना,
अकरा गुणिले बावीस चाळीस,
दोनशे सेहेचाळीस पौंड चाळीस,
आमच्या सगळ्या शिल्लकीहून जास्त.
हिशेब तपासणारा विचारेल, ही रक्कम कुठे आहे?

झहीर उठला. पाच वाजले,
मिसेस ओल्डरॉइडचं मशीन सुटायची वेळ.
जाता जाता त्यानं जुन्या कार्डांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला,
चारशे असतील,
आणि एक पेन.